न दुखणारे गुडघे

मालन,

तुझ्या तेराव्याला जो जो आला, त्यानं तुझ्या गुडघ्यांचं नाव काढलं. "बिचारी गुडघ्यानं लय बेजार हुती, तरी दर म्हैन्याला सांगलीला जायाची. कवा तोंडातनं रडगाणं न्हाई," असं तुझी चुलत जाऊ म्हणाली आणि मी मान हलवली. पाहुण्यांना मीही तेच सांगत होतो. चौदा महिने सांगलीच्या डॉक्टरकडं जात होती, गुण येत होता, आणि मधेच हे असं झालं. बेचाळीस वर्षं संसार केलेला माणूस बायकोबद्दल बोलतोय म्हटल्यावर कोण खोटं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी गावची आशा सेविका सुनीता आली. गावातल्या बायकापोरांच्या दवाखान्याचं सगळं तीच बघते, आणि तुझी तिच्याशी गट्टी होती एवढं मला माहीत होतं. पाण्याचा तांब्या खाली ठेवून ती म्हणाली, "दादा, ही येळ न्हाई बोलायची, पण इचारल्याबिगर ऱ्हावंना. येत्या गुरुवारी ऋतूची दवाखान्याची तारीख हाय. आता तिला सांगलीला कोण न्हेणार?"

"ऋतूची कसली तारीख?"

सुनीता माझ्याकडं बघतच राहिली. "दादा, तुमाला म्हाईत न्हाई?"

मग तिनं खाली मान घालून सांगितलं, जणू चूक तिचीच होती. तुझे गुडघे कधी दुखलेच नव्हते. तू हाडाच्या डॉक्टरकडं कधी गेलीच नव्हतीस. चौदा महिने तू आपल्या नातीला, ऋतूला, सांगलीच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरकडं नेत होतीस, आणि मला, म्हणजे सुभेदाराला, कळू नये म्हणून ते गुडघ्यांवर घातलं होतंस.

तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं आहे. फोटोपुढं बसून तोंड उघडेना, म्हणून लिहितोय. फौजेत असताना मला पत्रात बरं बोलता यायचं, असं तूच म्हणायचीस. समोर आलो की नुसते हुकूम.

आपल्या लेकाची, विजयची, बदली पुन्हा लांब झाली तेव्हा त्याची पोरगी आपल्याकडं आली. बापाच्या नोकरीपायी दर दोन वर्षांनी शाळा बदलून कंटाळली होती, म्हणून दहावीनंतर तिला आजी-आजोबांकडं ठेवायचं ठरलं. कडेगावला अकरावी सायन्स. आल्या आल्या किती बडबडायची! लष्करी छावणीत वाढलेली, अर्धी हिंदी, अर्धी मराठी. दिवाळीनंतर ती बडबड थांबली. आधी जेवण कमी झालं. मग कॉलेजातनं आली की पांघरूण घेऊन पडायला लागली. मग सकाळची एसटी चुकायला लागली. आधी एक दिवस, मग दोन, मग अख्खा आठवडा. केस विंचरेना. चाचणीत दोन विषयांत नापास झाली, तेव्हा पेपर माझ्यापुढं ठेवून नुसती उभी राहिली. रडलीसुद्धा नाही.

मी काय केलं ते तुला माहीत आहे, तरी लिहितो. मोबाईल काढून घेतला. पहाटे पाचला उठवून उसाच्या फडापर्यंत पळायला लावलं. एक दिवस ती उठेना, तर पांघरूण ओढून काढलं आणि तिला अंगणात उभं केलं, थंडीत, अनवाणी. दूध घालायला आलेल्या बाईच्या देखत म्हणालो, "असली रडकी औलाद आमच्या घरात आजवर झाली न्हाई." ऋतूनं मान वर केली नाही. तू चुलीपुढनं उठून आलीस, आपली शाल तिच्या अंगावर टाकलीस आणि तिला आत नेलंस. माझ्याकडं बघितलंही नाहीस.

त्याच दिवशी संध्याकाळी चहा देताना तू म्हणालीस, "आवं, पोरीला डॉक्टरला दावूया."

"ताप हाय व्हय तिला?"

"तसल्या डॉक्टरला न्हवं. मनाच्या. सुनीता सांगत हुती, सांगलीत असत्यात."

मी कप खाली ठेवला. "वेडी ठरवायची हाय का पोरीला? उद्या लगीन कोण करील तिच्याशी? मी गावात तोंड दावायचं का न्हाई?"

तू मागं हटली नाहीस. "तुमच्या पलटणीतला त्यो पोरगा, नांदेडकडचा," तू म्हणालीस. "बर्फातनं आल्यावर बोलायचाच बंद झालता. तुमीच त्याला मिलिटरीच्या दवाखान्यात न्हेऊन घातलासा न्हवं? दोन म्हैन्यांनी हसत परत आला, असं तुमीच मला पत्रात लिवलं हुतं. त्यो वेडा हुता का?"

"त्याची गोष्ट येगळी. त्यानं काय काय सोसलं हुतं. हिला काय सोसाया लागतंय? खायाप्यायाला हाय, कापडंलत्ता हाय. काय कमी हाय हिला?"

"काय कमी न्हाई म्हणूनच मला भ्या वाटतंय," तू म्हणालीस. "कमी असतं तर आणून दिलं असतं."

उत्तर नसलं की मी आवाज चढवायचो. "ह्यो इषय माझ्या घरात पुन्यांदा काढायचा न्हाई," असं म्हणून मी उठलो. तू खरंच तो विषय पुन्हा काढला नाहीस. मला वाटलं, पटलं. आयुष्यभर तू गप्प बसलीस की मला वाटायचं, तुला पटलं.

चार दिवसांनी तुझा गुडघा दुखायला लागला.

आता आठवतं, तू कधी उजव्या पायानं लंगडायचीस, कधी डाव्या. मी एकदा विचारलं, "दोन्ही दुखत्यात व्हय गं?" तू म्हणालीस, "पाळीपाळीनं." आणि पदर तोंडाला लावून आत गेलीस. मला वाटलं कळ आली. ऋतू परवा सांगत होती की तू आत जाऊन हसत होतीस, आणि कितीतरी दिवसांनी तीही तुझ्याबरोबर हसली होती.

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी तुम्ही दोघी सकाळच्या एसटीनं जायचात. "मला एकटीला चढउतार जमंना, सोबतीला पोरगी असू दे," म्हणालीस. मी उलट खूश. पोरगी निदान पांघरुणातनं बाहेर पडतेय. तिच्या गोळ्या तू फडताळात लोणच्याच्या बरणीमागं ठेवायचीस. एकदा मला दिसल्या, तर म्हणालीस, "रक्तवाढीच्या हायत. पांढरी पडलीया पोरगी." संध्याकाळी मी तुझ्या गुडघ्यांना कोमट तेल लावून द्यायचो. तू "नगो, नगो" म्हणायचीस आणि मग पाय लांब करून बसायचीस. सगळ्या संसारात मी तुझे पाय चेपले ते त्या खोट्या दुखण्यापायी. तेवढं एक सुख तुला माझ्याकडनं मिळालं, आणि तेही मला ठाऊक नसताना.

सहा महिन्यांनी मी वैतागलो. "एवढ्या फेऱ्या झाल्या, काय फरक हाय का? डॉक्टर तरी बदल."

"हाय की फरक," तू म्हणालीस. "सावकाश येतोय गुण. कवा बरं असतंय, कवा पुन्ना मागं जातंय. डॉक्टर म्हणत्यात घाई करू नगा, गोळ्या मधीच सोडू नगा."

मी गुडघ्याचं ऐकत होतो. तू ऋतूचं सांगत होतीस. दर महिन्याला घरी आल्यावर तोंडावर खरं खरं सांगत होतीस, आणि मी चप्पल कुठं ठेवलीस, जेवायला काय करणार, एवढंच विचारत होतो.

गुण आला. उन्हाळ्यात पोरगी जेवायला लागली. कॉलेजला जायला लागली, परत मिळालेल्या मोबाईलवर कुणाशीतरी खिदळायला लागली. याचं श्रेय मी घेतलं, मालन. पारावर चारचौघांत सांगितलं, "शिस्त. दुसरं काय न्हाई. पाचला उठवलं, मोबाईल काढून घेतला, आली ताळ्यावर." एकदा घरी पाहुणे बसले होते तेव्हा हीच गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली. तू चहाचा ट्रे घेऊन उभी होतीस. पाहुण्यांनी तुझ्याकडं बघितलं तशी म्हणालीस, "व्हय, ह्यांनीच वळण लावलं." आणि रिकामे कप घेऊन आत गेलीस. माझं ऐकून त्यातल्या दोघांनी आपापल्या पोरांना पहाटे उठवायला सुरुवात केली. त्या पोरांना काय होत होतं, कुणास ठाऊक. त्यांच्या घरी जाऊन मला सांगायचं आहे की मी बोललो ते खोटं होतं. अजून गेलेलो नाही.

आता जे लिहायचं आहे, त्याला हात धजत नाही.

दसऱ्याच्या आसपास तू म्हणालीस, "आवं, देवळाच्या पायऱ्या चढलं की दम लागतोय." मी पेपर वाचत होतो. म्हणालो, "सांगलीला जातीसच की. डॉक्टरला सांग." पुढं एकदा म्हणालीस, "छातीत जड जड वाटतंय, डावा हात भरून येतोय." मी तेच म्हणालो, "एवढ्या फेऱ्या मारतीस, तिथंच दाव की." तिसऱ्यांदाही तेच. तू प्रत्येक वेळी म्हणालीस, "व्हय, सांगते." मी निर्धास्त होतो. बायकोला दर महिन्याला डॉक्टर बघतोय, आणखी काय पाहिजे? तुला मात्र कुठलाच डॉक्टर बघत नव्हता. हे तुला माहीत होतं, आणि मला सांगायची सोय मीच ठेवली नव्हती.

त्या मंगळवारी सकाळी भाकरी थापताना तू काटवट बाजूला सारलीस आणि "जरा पडते" म्हणालीस. मी गाडी बोलावली. कडेगाव यायच्या आधीच तू गेली होतीस.

सुनीता गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. ऋतू तिथंच होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आबा, आजीवर रागावू नका," ती म्हणाली.

"न्हाई गं." मी विचारलं, "तिनं तितं सोताचं कवा दावलं का?"

तिनं मान हलवली. "मी म्हणायचे, आजी, तुझापण केसपेपर काढू. ती म्हणायची, आज तुझी पाळी, माझं पुढच्या खेपेला. दोन्हीकडं मोठी रांग असायची. दुसऱ्या रांगेत उभं राहिलो तर परतीची गाडी चुकायची, आणि उशीर झाला की तुम्ही विचारणार."

मग तिनं आपण होऊन सांगितलं, तू कधी सांगितलं नाहीस ते.

"त्या दिवशी मी आजीला म्हटलं, मला आता जगावंसंच वाटत नाही. मला वाटलं ती ओरडेल, रडेल, तुम्हाला हाक मारेल. तिनं काहीच केलं नाही. हातातलं धान्याचं सूप बाजूला ठेवलं, दार लोटलं आणि सरळ विचारलं, 'मरायचं मनात येतं का गं?' मी हो म्हटलं. आबा, ते बोलल्यावरच मला थोडं हलकं वाटलं. ती म्हणाली, 'आजार हाय ह्यो. औषध असतंय त्याला. तुला एकटीला सोडायची न्हाई मी.' आणि नाही सोडलं. माझ्याजवळच झोपायला लागली. दुसऱ्या दिवशी बाजाराला म्हणून सांगून सुनीताताईबरोबर मला ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशक ताईंकडं नेलं. त्यांनी सांगलीला चिठ्ठी दिली."

"कुठल्या दिवशी?" मी विचारलं. "कवा म्हणालीस तू तिला?"

ऋतूनं खाली बघितलं. "तुम्ही मला अंगणात उभं केलं होतं, त्या दिवशी."

म्हणजे संध्याकाळी माझ्या हातात चहाचा कप देताना तुला हे माहीत होतं. पोरगी कुठल्या कडेला उभी आहे हे पोटात ठेवून तू माझ्याशी शांतपणे बोलत होतीस, त्या नांदेडच्या पोराचा दाखला देत होतीस. मी लग्नाचं बोललो. गावात तोंड दाखवायचं बोललो. तू मला खरं का सांगितलं नाहीस, हे तुला विचारावंसं वाटतं, पण उत्तर मला माहीत आहे. सांगितलं असतंस तर मी तिच्यावर ओरडलो असतो. तू तिला माझ्यापासून वाचवत होतीस.

तेवढ्यात ऋतू म्हणाली, "पण आता मी नाही जाणार. माझ्यामुळं आजी गेली. माझ्या रांगेत उभी राहिली म्हणून तिचं राहून गेलं."

तिचा चेहरा पुन्हा त्या थंडीतल्यासारखा झाला होता. असं कुणी बोललं की काय म्हणायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. तू काय म्हणाली असतीस, ते आठवायला लागलो. तुझ्यासारखं येईना. शेवटी जे खरं होतं तेच म्हणालो.

"न्हाई ऋतू. तू आजारी हुतीस, तुला डॉक्टरकडं न्हेणं हे आमचं दोघांचं काम हुतं. ते तिनं एकटीनं केलं. माझ्या भ्यानं तिला लपवाया लागलं. मी संगं आलो असतो तर एकानं तुझ्या रांगंत उभं ऱ्हायचं, एकानं तिच्या. ही चूक माझी हाय. तुझी न्हाई. ही तू घेऊ नगंस, तुला म्या ती घेऊ देणार न्हाई."

ती रडायला लागली. बराच वेळ रडली. मी "रडू नको" म्हणालो नाही. तिच्या पाठीवर हात ठेवावा का, हे कळेना, म्हणून शेजारी बसून राहिलो. मग विचारलं, जसं तू विचारलं होतंस तसं, "पुन्ना तसलं काय मनात येतंय का?" तिनं "नाही" म्हटलं. मग म्हणाली, "आलं तर सांगेन. आजीनं शब्द घेतलाय."

त्या संध्याकाळी विजयला फोन केला. वाटलं होतं, त्याला धक्का बसेल. त्याला सगळं माहीत होतं. सूनबाईलाही. "आबा, मीच आईला म्हणालो हुतो, आबास्नी एवढ्यात सांगू नगो," तो म्हणाला. "मला बी अकरावीत तसंच झालं हुतं. आईला तवा कळलं न्हाई काय करायचं. तुमी सुट्टीवर आलतासा."

त्या सुट्टीत मी त्याला पट्ट्यानं मारलं होतं. नापास झाला म्हणून. तू मधे पडलीस तेव्हा तुझ्या दंडाला लागलं होतं. हे मी विसरलो होतो, मालन. तुम्ही दोघं विसरला नव्हता. तेव्हा जे तुला जमलं नाही, ते तू नातीच्या वेळी मला न विचारता केलंस. विजय कसा सावरला, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. फोनवर विचारायची गोष्ट नाही ती. सुट्टीवर आला की विचारीन.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. तिची फाईल तिनं माझ्याकडं दिली नाही, स्वतःच्या पिशवीत ठेवली. फाट्यावर तात्या भेटला, वैरणीचा भारा घेऊन. "सुभेदार, कुटं निघालासा नातीला घिऊन?" त्यानं विचारलं.

ऋतू पटकन म्हणाली, "आबांचे डोळे दाखवायला..."

मी तिला थांबवलं. म्हणालो, "सांगलीला चाललोय. ऋतूला मनाच्या डॉक्टरला दावायचं हाय. वरीस झालं इलाज चालू हाय. लय फरक हाय."

तात्यानं भारा या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतला. "बरं बरं. ह्या गाडीला गर्दी असतीया. जागा न्हाई घावली तर विट्याला उतरून दुसरी धरा," म्हणाला आणि गेला.

अर्धं मिनिटही लागलं नाही. आभाळ कोसळलं नाही. पोरीचं लग्न मोडलं नाही. हे एवढं वाक्य माझ्या तोंडून वर्षापूर्वी निघालं असतं, तर त्या दवाखान्यात दुसऱ्या रांगेत तू आज माझ्याबरोबर उभी असतीस.

दवाखान्यात ऋतूचं नाव पुकारलं. डॉक्टरीणबाईंनी दारातच विचारलं, "आज आजी नाहीत?" मी सांगितलं. बाईंनी ऋतूच्या खांद्यावर हात ठेवला. मग ऋतूला म्हणाल्या, "आजोबा आत आलेले चालतील तुला?"

ऋतूनं माझ्याकडं बघितलं. बराच विचार केला. मग म्हणाली, "आज नको. आबा, तुम्ही बाहेर थांबा."

तू असतीस तर तिनं तुला बाहेर थांबवलं नसतं. मला राग आला नाही, हे तुला सांगायचं आहे. दार लागलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. तिथं बसूनच हे लिहायला घेतलं. कधीतरी ती मला आत बोलावील. नाही बोलावलं, तरी पुढच्या महिन्याला तिला घेऊन येणार आहे.